हिस्टरी उडवली तरी सर्च परत तेच दाखवतंय? आधी नक्की कशामुळे ते शोधा

प्रॉब्लेम सगळ्यांना माहितीय तोच. एखादा विषय दोन-चार वेळा शोधला की मग त्याबद्दल काहीही टाका, रिझल्ट फिरून फिरून त्याच चार साइटवर येतात. वैतागून हिस्टरी डिलीट मारली की आठवडाभर बरं वाटतं आणि मग एक दिवस परत येरे माझ्या मागल्या. मी हे गेल्या वर्षभरात पाच वेळा तरी केलं असेल, दर वेळी वाटायचं की आता सुटले. सहाव्या वेळी मात्र ठरवलं की काहीही डिलीट करायचं नाही, आधी हे कुठून येतंय ते बघायचं. त्यातून जे कळलं ते इथे लिहितेय, जरा लांबलंय.

सुरुवात झाली गुडघ्यावरून. मी नुकतंच पळायला लागले होते आणि उजवा गुडघा जिना उतरताना कटकट वाजायला लागला. दादा म्हणाला, "अगं पळणं बंद कर, गुडघ्यांची वाट लागेल, मी वाचलंय." मी म्हटलं, "काहीतरीच काय, पळणाऱ्यांचे गुडघे उलट चांगले राहतात, मीपण वाचलंय." दोघं एकाच सोफ्यावर, एकाच वायफायवर, दोघांनी मोबाईल काढले आणि शोधलं. त्याच्या स्क्रीनवर पहिले चार रिझल्ट गुडघे झिजण्याचे, माझ्या स्क्रीनवर पहिले चार "हा गैरसमज आहे" छापाचे.

पण खरी गंमत पुढे. दोघांच्या पहिल्या लेखात एकाच अभ्यासाचा दाखला होता. २०१७ चा रिव्ह्यू, आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून केलेला, त्यात गुडघा आणि खुब्याच्या संधिवाताचं प्रमाण मोजलं होतं. स्पर्धेत पळणाऱ्यांमध्ये १३.३ टक्के, हौशी पळणाऱ्यांमध्ये ३.५ टक्के आणि न पळणाऱ्या बैठ्या लोकांमध्ये १०.२ टक्के. दादाच्या लेखात फक्त १३.३ होता, माझ्या लेखात फक्त ३.५. दोन्ही आकडे खरे, दोन्ही लेख अर्धे, आणि आम्ही दोघं आपापला अर्धा घेऊन भांडत होतो. बैठ्या लोकांचा आकडा, जो आम्हा दोघांनाही लागू होत होता, तो कुठेच नव्हता.

मी लगेच निकाल दिला: हे पर्सनलायझेशन, त्याला त्याच्या आवडीचं दाखवतात, मला माझ्या आवडीचं. हा निकाल बराचसा चुकीचा होता, का ते खाली येईलच.

आधी बघा की प्रॉब्लेम खरंच आहे का

दोन फोनवर दोन वेगळे रिझल्ट दिसले म्हणजे पर्सनलायझेशन, हे गृहीत धरू नका. सर्च इंजिन सतत काही ना काही ट्रायल करत असतं, तुमची रिक्वेस्ट दर वेळी त्याच सर्व्हरवर जाईल असं नाही, ताजी बातमी आली की क्रम हलतो. म्हणून पहिली टेस्ट ही करा: एकाच फोनवर, एकाच ब्राउझरमध्ये, अगदी तेच शब्द दोन टॅबमध्ये एकाच वेळी टाका. इथेच जर दोन-तीन रिझल्ट वरखाली झाले तर तेवढा फरक हा नुसता गोंधळ आहे, तुमच्याशी त्याचा काही संबंध नाही. तो वजा करूनच पुढचं मोजायचं.

ही माझी आयडिया नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न युनिव्हर्सिटीच्या लोकांनी गूगल सर्च असंच मोजलं होतं, २०० खऱ्या लोकांच्या अकाउंटवरून, आणि प्रत्येक सर्चच्या जोडीला तोच सर्च कोऱ्या कंट्रोल अकाउंटवरून. गोंधळ वजा केल्यावर सरासरी ११.७ टक्के रिझल्टमध्ये पर्सनलायझेशनमुळे फरक पडत होता. म्हणजे दहातला साधारण एक. आणि त्यातही मोठी कारणं दोनच सापडली: तुम्ही लॉग-इन आहात की नाही, आणि तुमच्या आयपी अ‍ॅड्रेसवरून (म्हणजे इंटरनेट कनेक्शनच्या नंबरवरून) दिसणारी जागा. जुन्या सर्च आणि क्लिकच्या हिस्टरीचा म्हणून वेगळा असा परिणाम त्यांना दाखवता आला नाही.

हे वाचून मी जरा हिरमुसलेच, कारण मी पाच वेळा नेमकी हिस्टरीच तर उडवली होती.

दुसऱ्या बाजूनेही आकडे आहेत म्हणा. २०१८ मध्ये डकडकगो या दुसऱ्या सर्च इंजिनने ८७ लोकांना एकाच वेळी तेच शब्द शोधायला लावले, बंदूक नियंत्रण, स्थलांतर, लसीकरण असे विषय, आणि प्रायव्हेट मोडमध्येसुद्धा बहुतेकांना वेगवेगळी पानं दिसली असं जाहीर केलं. गूगलने ते नाकारलं, त्यांचं म्हणणं की फरक जागेमुळे, वेळेमुळेही पडतो आणि पर्सनलायझेशन अगदी कमी असतं. आता डकडकगो हा स्पर्धक आहे आणि गूगल हा आरोपी, त्यामुळे दोघांचंही ऐकून घ्यायचं आणि आपली टेस्ट आपणच करायची. पाच मिनिटांचं काम आहे.

दहा मिनिटं थांबा, खरंच

टेस्ट करताना सगळे एक चूक करतात, मीपण केली: एकामागून एक धडाधड शोधत सुटायचं. सर्च इंजिन मागचा सर्च लक्षात ठेवून पुढच्याचा अर्थ लावतं. गुडघेदुखी शोधून लगेच "बेल्ट" टाकलंत तर गुडघ्याचा बेल्ट वर यायची शक्यता जास्त, पँटचा नाही. यात वाईट काही नाही, बोलताना माणसंही तेच करतात. पण टेस्ट बिघडते. वरच्या २०१३ च्या अभ्यासात हा मागच्या सर्चचा परिणाम साधारण दहा मिनिटं टिकत होता, म्हणून त्यांनी प्रत्येक दोन सर्चमध्ये ११ मिनिटांचं अंतर ठेवलं. मी चहा ठेवायचे तेवढ्यात.

आणि हो, "काल नुसतं बघितलं आणि आज सगळीकडे तेच" ही जी तक्रार असते ना, त्यातला मोठा भाग जाहिरातींचा असतो. जाहिराती आणि खालचे साधे रिझल्ट या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. जाहिरातींची सेटिंग वेगळी, ती बंद केल्याने रिझल्टचा क्रम बदलत नाही आणि हिस्टरी उडवली तरी जाहिराती बंद होत नाहीत, नुसत्या भलत्याच होतात. टेस्ट करताना "प्रायोजित" लिहिलेलं सगळं सोडून मोजा.

हिस्टरी परत का येते

आता मुख्य दुखणं. "डिलीट केलं तरी परत येतं" याचं उत्तर बऱ्याचदा असं असतं की तुम्ही भलतीच हिस्टरी डिलीट केलेली असते.

ब्राउझरची हिस्टरी ही तुमच्या फोनवर असते, कुठल्या पानांवर गेलात त्याची यादी. ती साफ केली की ब्राउझर विसरतो. सर्च कंपनीच्या अकाउंटमध्ये जी नोंद असते ती वेगळी, ती त्यांच्या सर्व्हरवर, आणि ब्राउझर साफ केला तरी ती जागची हलत नाही. गूगलच्या बाबतीत हिचं नाव वेब अँड अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी. यूट्यूबची हिस्टरी त्याहून वेगळी. लोकेशनची आणखी वेगळी. मी पहिल्या तीन वेळा नुसता ब्राउझर धुतला होता, म्हणजे घर झाडून कचरा दाराआड लोटल्यासारखं झालं.

चौथ्या वेळी अकाउंटमधली अ‍ॅक्टिव्हिटी उडवली. दोन आठवड्यांत परत थायरॉइड, थायरॉइडचा आहार, थायरॉइड आणि केस गळणं. मला थायरॉइड नाही. मी कधी शोधलंही नव्हतं. पाचव्या वेळी परत उडवली, परत तेच. शेवटी अ‍ॅक्टिव्हिटीची यादी उघडून तारीख-वेळ बघत बसले, तर सगळे सर्च दुपारी दोन ते चारमधले आणि डिव्हाइसचं नाव माझ्या जुन्या टॅबलेटचं. तो टॅबलेट मी तीन वर्षांपूर्वी आईला दिला होता, आणि त्यातून माझं अकाउंट काढायचं राहूनच गेलं होतं. आईची दुपारची विश्रांती आणि माझे रिझल्ट यांचा हा असा संबंध. तिला विचारलं तर म्हणाली, "मला वाटलं तो आपोआपच चांगलं चांगलं दाखवतो, पळण्याचंपण काय काय येत होतं मध्ये मध्ये." म्हणजे माझं तिच्याकडे जात होतं आणि तिचं माझ्याकडे.

तर काहीही उडवण्याआधी अकाउंटच्या सिक्युरिटीमध्ये जाऊन कुठकुठली डिव्हाइस साइन-इन आहेत ती यादी बघा. जुना फोन, ऑफिसचा लॅपटॉप, टीव्ही, सगळं निघेल. जे तुमच्या हातात नाही ते साइन-आउट करा. टीव्ही तर हमखास सगळ्यांचा मिळून असतो आणि अकाउंट एकाचंच. मग अ‍ॅक्टिव्हिटीची यादी चाळा आणि डिव्हाइसची नावं वाचा. कंटाळवाणं आहे, पण माझा अर्ध्याहून जास्त प्रॉब्लेम इथे सुटला.

साइन-आउट करून शोधलं की झालं, असंही नाही बरं का. ४ डिसेंबर २००९ ला गूगलने पर्सनलाइझ्ड सर्च लॉग-इन नसलेल्यांनाही लागू केलं, ब्राउझरमधल्या कुकीला (साइट ब्राउझरमध्ये ठेवते ती छोटी नोंद) जोडून, मागच्या १८० दिवसांपर्यंतच्या सर्चवरून. त्याआधी हे फक्त साइन-इन केलेल्यांसाठी होतं. आजही साइन-आउट असताना सेटिंगमध्ये सर्च कस्टमायझेशन नावाचं बटण वेगळं असतं, ते साइन-इन असताना दिसतच नाही, त्यामुळे बऱ्याच जणांना ते आहे हेच माहीत नसतं. कुकी उडवली की ही नोंद तुटते, पण सोबत सगळ्या साइटचं लॉग-इनही जातं, तेव्हा पासवर्ड आठवत असतील तरच.

सेटिंगचं पटकन सांगते. वेब अँड अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी पूर्ण बंद करता येते किंवा ३, १८ किंवा ३६ महिन्यांनी आपोआप डिलीट व्हायला लावता येते. २०२० पासून नवीन अकाउंटला १८ महिने हे आपोआप लागलेलं असतं, जुन्या अकाउंटला मात्र स्वतः जाऊन लावावं लागतं, आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांची अकाउंटं त्याआधीचीच आहेत. मी ३ महिने ठेवलंय. पूर्ण बंद केलं नाही, कारण मग मॅप्समध्ये दर वेळी सगळं पहिल्यापासून टाइप करायला लागतं आणि तेवढं वैराग्य माझ्याकडे नाही. यूट्यूबची हिस्टरी बंद आणि जुनीही साफ केली तर २०२३ पासून होमपेज जवळपास कोरं दिसतं, काहींना ते आवडतं, दादा मात्र घाबरला, त्याला वाटलं अ‍ॅप बिघडलं. मेनूंची नावं अधूनमधून बदलतात, तेव्हा नाव सापडलं नाही तर सेटिंगच्या सर्चमध्ये "अ‍ॅक्टिव्हिटी" टाका.

इनकॉग्निटोवर फार विसंबू नका

इनकॉग्निटो म्हणजे कोरी कुकी आणि साइन-आउट, बस. खिडकी बंद केली की फोन विसरतो. पण तुमचा आयपी अ‍ॅड्रेस तोच, म्हणजे जागा तीच, भाषा तीच, डिव्हाइस तेच. आणि एकाच इनकॉग्निटो खिडकीत तासभर शोधत बसलात तर त्या तासाभरातलं सगळं पुढच्या सर्चवर परिणाम करू शकतं. इनकॉग्निटोमध्ये कुणाला काही दिसत नाही या समजुतीवरून अमेरिकेत गूगलवर २०२० मध्ये खटला झाला होता, तो २०२४ मध्ये मिटला तेव्हा कंपनीने गोळा झालेल्या अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कबूल केलं. टेस्टसाठी इनकॉग्निटो उत्तम, रोजचा उपाय म्हणून नाही.

जागेचं म्हणाल तर रिझल्टच्या पानाच्या अगदी तळाशी जा. तिथे कुठली जागा धरलीय आणि ती कशावरून, आयपीवरून, डिव्हाइसवरून की जुन्या अ‍ॅक्टिव्हिटीवरून, हे लिहिलेलं असतं. इतकी उपयोगी ओळ इतक्या खाली ठेवलीय की मी वर्षानुवर्षं ती पाहिलीच नव्हती. तिथली जागा चुकीची असेल तर आधी ते दुरुस्त करा. फक्त लोकेशन हिस्टरी बंद केली म्हणून जागेची नोंद थांबत नाही, कारण ती वेब अँड अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटीमध्येही पडत असते. २०१८ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने हे उघड केलं आणि २०२२ मध्ये याच प्रकरणात गूगलने अमेरिकेतल्या ४० राज्यांना मिळून ३९ कोटी १५ लाख डॉलर दिले. म्हणजे "मी तर बंद केलं होतं" असं वाटणाऱ्या तुम्ही एकट्या नाही.

आणखी एक जुना जुगाड अजून लोक एकमेकांना सांगतात, की सर्चच्या वेब पत्त्यात देशाचा कोड बदला म्हणजे दुसऱ्या देशाचे रिझल्ट येतात. ते ऑक्टोबर २०१७ पासून चालत नाही. तेव्हापासून पत्ता काहीही टाका, देश तुमच्या जागेवरून ठरतो. हवाच असेल तर सर्च सेटिंगमध्ये देश बदलायचा पर्याय आहे, तो वापरा.

पानाच्या तळाशीच आजकाल कधी कधी लिहिलेलं असतं की हे रिझल्ट पर्सनलाइझ्ड आहेत, आणि शेजारी त्याशिवाय बघायची लिंक. ती दिसली तर दाबा आणि दोन पानं शेजारी शेजारी ठेवून बघा, सगळ्यात स्वच्छ टेस्ट हीच. लिंक दिसत नसेल तर रिझल्टच्या पानाच्या वेब पत्त्याच्या शेवटी &pws=0 जोडायचा जुना उपाय आहे. कॉम्प्युटरवर असाल तर टूल्समध्ये "व्हर्बॅटिम" नावाचा पर्याय आहे, २०११ पासून. तो तुमचे शब्द जसेच्या तसे शोधतो, समानार्थी शब्द घुसडत नाही, स्पेलिंग आपल्या मनाने सुधारत नाही आणि तुम्ही आधी कुठल्या साइटवर गेला होतात ते धरत नाही. इतका चांगला पर्याय इतका लपवून का ठेवलाय हे मला आजवर कळलेलं नाही.

दुसरं सर्च इंजिन लावून बघा, पण आतून कोण आहे ते बघून

डकडकगो तुमची प्रोफाइल बनवत नाही, पण त्याचे साधे वेब रिझल्ट मुख्यतः मायक्रोसॉफ्टच्या बिंगकडून येतात. स्टार्टपेज मुख्यतः गूगलचे रिझल्ट देतं, तुमची ओळख मध्येच काढून. म्हणजे पर्सनलायझेशन किती आहे हे तपासायला स्टार्टपेज मस्त, कारण तेच इंजिन तुमच्याशिवाय काय दाखवतं ते कळतं. पण दुसरं मत हवं असेल तर स्वतःचा इंडेक्स (वेबवरच्या पानांची स्वतः बनवलेली सूची) असलेलं इंजिन पाहिजे, ब्रेव्ह सर्च किंवा मोजीक. मोजीकवर रिझल्ट जरा ओबडधोबड येतात, मराठीत तर फारच कमी, पण मला तिथे दोनदा अशा गोष्टी सापडल्या ज्या बाकीकडे पाचव्या पानावरही नव्हत्या. बिंग आणि डकडकगो दोन्हीकडे शोधून "दोघांचं एकमत आहे" म्हणणं म्हणजे एकाच माणसाला दोनदा विचारण्यासारखं आहे.

इथपर्यंत सगळं केलं. टॅबलेटवरून माझं अकाउंट काढलं, अ‍ॅक्टिव्हिटी उडवली, दोन्ही फोनवर कोरं इनकॉग्निटो, तेच वायफाय, ११ मिनिटं थांबून. मी आणि दादा परत सोफ्यावर. शोधलं. त्याला परत झिजलेले गुडघे, मला परत "गैरसमज".

मी त्याचा फोन हातात घेतला आणि पहिल्यांदाच रिझल्ट सोडून वरच्या बॉक्सकडे बघितलं. त्याने टाकलं होतं, "पळल्याने गुडघे खराब होतात". मी टाकलं होतं, "पळण्याचे गुडघ्यांना फायदे".

बोंबला.

इतके दिवस आम्ही "तोच विषय" शोधत होतो, "तेच शब्द" कधीच नाही. त्याच्या फोनवर माझे शब्द टाकले तर माझे रिझल्ट आले, दहातले नऊ. माझ्यावर त्याचे टाकले तर त्याचे. सर्च इंजिनने आम्हाला ओळखलंच नव्हतं, आम्हीच उत्तर लिहून प्रश्न म्हणून दिलं होतं आणि त्याने इमानदारीत तसली पानं काढून दिली. ज्या पानाच्या मथळ्यात "फायदे" आहे ते पान "फायदे" शोधणाऱ्याला देणं हेच तर त्याचं काम.

नंतर कळलं की यावर रीतसर संशोधनही आहे. २०२५ मध्ये पीएनएएस या जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासात हेच दिसलं की लोक आपल्या आधीच्या मताकडे झुकलेले शब्द टाकतात, इंजिन त्याला अगदी नेमकं आणि अरुंद उत्तर देतं, आणि मत होतं तिथेच राहतं. त्यांनी वापरलेल्या विषयांत कॅफीनही होतं, म्हणजे कॅफीनचे धोके शोधणारे आणि फायदे शोधणारे. आणि याच लोकांना जरा रुंद रिझल्ट दाखवले तर त्यांचं मत हललं, म्हणजे माणसं हट्टी होती असंही नाही. २०२३ मध्ये नेचर या जर्नलमध्ये आलेल्या दुसऱ्या अभ्यासात गूगलने लोकांना काय दाखवलं आणि लोकांनी त्यातलं काय उघडलं हे वेगवेगळं मोजलं होतं. बातम्यांच्या बाबतीत जे दाखवलं त्यापेक्षा जे उघडलं ते जास्त एका बाजूचं निघालं. फिल्टर बबल, म्हणजे आपल्याला फक्त आपल्या मताचंच दिसत राहणं, हा शब्द २०११ पासून आपण सगळे मशीनच्या नावाने वापरतोय, पण त्या बबलला बऱ्यापैकी फुंकर आपलीच असते.

याचा अर्थ कंपन्या धुतल्या तांदळासारख्या आहेत असा नाही हं. कुठला रिझल्ट वर ठेवायचा हे तेच ठरवतात, टाइप करताना खाली ज्या सूचना येतात त्याही तेच देतात, आणि त्या सूचनांमध्ये तुमचे जुने सर्चही मिसळलेले असतात, छोट्या घड्याळाचं चिन्ह असतं ना ते. दादाने कबूल केलं की त्याने पूर्ण वाक्य टाइप केलंच नव्हतं. "पळल्याने गु" एवढं लिहिल्यावर खाली घड्याळवाली ओळ आली, महिन्यापूर्वी त्यानेच शोधलेली, त्याने तीच दाबली. दुसऱ्या खेपेला इनकॉग्निटोमध्ये ओळ आली नाही, तेव्हा ती त्याच्या बोटांना पाठ होती. म्हणजे हिस्टरी रिझल्टमध्ये फार नव्हती, पण प्रश्नात शिरली होती, आणि तिथून आलेलं पर्सनलायझेशन कुठल्याही ११.७ टक्क्यात मोजलं जात नाही. म्हणून घड्याळवाल्या ओळी दाबून धरा आणि काढून टाका, आणि सूचना आल्या तरी वाक्य स्वतःचं पूर्ण करा. हे एक काम मी आता आईच्या टॅबलेटवरही करून दिलंय.

मग शब्द कसे टाकायचे. मी आता एकाच गोष्टीसाठी तीन सर्च करते: एक माझ्या बाजूचा, एक विरुद्ध बाजूचा मुद्दाम, आणि एक ज्यात कुठलीच बाजू नाही. तिसरा सगळ्यात अवघड जातो, कारण "का", "फायदे", "दुष्परिणाम", "सत्य", "धोका" हे शब्द आपोआप हातातून येतात. "पळणं गुडघा संधिवात प्रमाण" असं टाकल्यावर मला पहिल्यांदा तो पूर्ण तक्ता सापडला, तिन्ही आकडे एका ओळीत. "प्रमाण", "तुलना", "आढावा", "आकडेवारी" हे शब्द उपयोगी पडतात, कारण ते शब्द वापरणारी पानं सहसा निदान दोन बाजू तरी मांडतात. मराठीत पानं कमी पडली तर तेच इंग्रजीतही शोधा, भाषा बदलली की पानांचा सगळा ढीगच बदलतो, हिस्टरी उडवल्यापेक्षा हा फरक कितीतरी मोठा असतो. रिझल्टमध्ये एकच साइट सारखी पुढे येत असेल तर वजाचं चिन्ह, त्याला चिकटून site: आणि तिचा वेब पत्ता टाका, ती तेवढ्यापुरती गायब होते.

आणि रिझल्टच्या शेजारचे तीन टिंब दाबून बघत जा. तुमच्या शब्दांपैकी कुठले त्या पानात सापडले, कुठल्या भाषेसाठी, कुठल्या भागासाठी, असं काय काय तिथे लिहिलेलं असतं. दादाच्या पानावर तिथे "खराब" हा शब्द जुळला म्हणून लिहिलं होतं. तेव्हा त्याला पटलं, माझ्या सांगण्याने नव्हतं पटलं.

एवढं करूनही तुमचा प्रॉब्लेम तसाच असेल तर बहुतेक तो सर्चचा नाहीच, फोनच्या होम स्क्रीनवर किंवा ब्राउझरच्या नवीन टॅबमध्ये जे फीड येतं त्याचा आहे. ते शोधल्याशिवायच दाखवतं आणि ते खरोखर बरंचसं तुमच्या वागण्यावर चालतं. युरोपियन युनियनमध्ये २०२३ पासून मोठ्या प्लॅटफॉर्मना आणि सर्च इंजिनांना अशा शिफारशींसाठी प्रोफाइलवर न चालणारा एक तरी पर्याय द्यावाच लागतो, बाकी ठिकाणी तुमचं तुम्ही बघा: फीड सरळ बंद करता येतं, मी केलंय.

माझं सध्याचं स्टेटस: थायरॉइड पूर्ण गेलं. रिझल्टमध्ये दादाच्या आणि माझ्या फोनवर तेच शब्द टाकले तर दहात एखादा फरक येतो, बहुतेक वेळा व्हिडिओच्या डब्यात, कारण त्याने यूट्यूबची हिस्टरी परत चालू केली. कोरं होमपेज त्याला सहन झालं नाही. गुडघा अजून वाजतो. दुखत नाही, नुसता वाजतो, त्यासाठी सर्च न करता डॉक्टरकडे गेले होते, त्यांनी दोन व्यायाम दिलेत आणि पळू दिलंय.

कुणाच्या अ‍ॅक्टिव्हिटीच्या यादीत ओळखीचं नसलेलं डिव्हाइस निघालं तर मात्र आधी पासवर्ड बदला, मग बाकीचं. ते प्रत्येक वेळी आईचा टॅबलेटच असेल असं नाही.